अंतरपाटाचा फोटो

मुहूर्त १२ वाजून २७ मिनिटांचा होता. साताऱ्यातल्या एका जुन्या मंगल कार्यालयात, मार्गशीर्षातल्या एका रविवारी, मी बोहल्याच्या डाव्या बाजूला प्लास्टिकच्या स्टुलावर उभी होते. मंगलाष्टका संपत आल्या होत्या. नवरीच्या मावशीची स्वतः रचलेली दोन कडवी म्हणून झाली होती, नवऱ्याच्या काकांचे सूर सोडून धावलेले एक कडवे म्हणून झाले होते आणि माईक पुन्हा भटजींच्या हाती आला होता. ‘तदेव लग्नं सुदिनं तदेव’ हे शब्द कानांवर पडले की फोटो काढणाऱ्याने बाकी सगळे सोडून अंतरपाटाकडे पाहायचे असते, कारण काही क्षणांत शेवटचे ‘सावधान’ येते, पाट बाजूला ओढला जातो, वाजंत्री कडाडते आणि अक्षतांच्या पावसात ती दोघे एकमेकांकडे पाहतात. ते पाहणे सेकंद-दीड सेकंदाचे असते. मग हार येतात, मामा पुढे सरकतात, शंभर मोबाइल वर होतात आणि चेहऱ्यांवर फोटोसाठीचे हसू येऊन बसते. मला हे सगळे ठाऊक होते. ठाऊक असूनही मी नेमके त्या वेळी उजवीकडे पाहिले.

उजवीकडे दक्षिणेची उंच खिडकी होती. मार्गशीर्षात दुपारचा सूर्यही दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे त्या खिडकीतून उन्हाचा एक तिरपा पट्टा आत उतरला होता आणि बरोबर एका बाईंच्या हातांवर पडला होता. त्या नवरीच्या आत्या. सगळ्या बायका बोहल्याभोवती दाटीवाटीने उभ्या असताना त्या एकट्या मागे, खिडकीजवळच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. दोन्ही तळव्यांमध्ये अक्षता घट्ट धरलेल्या, घामाने त्यांचे कुंकू सुटून तळव्याच्या रेषांत उतरलेले, मनगटांवर बांगडी नाही, डाव्या हाताला काळ्या पट्ट्याचे एक जुने घड्याळ तेवढे. कॅमेऱ्याला ५० मिलिमीटरची लेन्स लावलेली होती. मी आठ-नऊ फ्रेम सलग ओढल्या. माझ्या त्या जुन्या कॅमेऱ्यात रॉ फाइलच्या तेवढ्या फ्रेम झाल्या की त्याला दम लागायचा. आतले सगळे कार्डावर उतरेपर्यंत बटण दाबले तरी काही घडायचे नाही, मागचा छोटा दिवा नुसता जळत राहायचा. तो दिवा जळत असतानाच ‘सावधान’ ऐकू आले. समर्थ तो शब्द ऐकून बोहल्यावरून पळाले. मी ऐकला आणि जागची हलले नाही. वळून पुन्हा बटण दाबले तेव्हा जी फ्रेम मिळाली तिच्यात मामांच्या फेट्याची मागची बाजू आहे आणि कुणाचा तरी उंचावलेला मोबाइल आहे.

आठ दिवसांनी मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी गेले. नवरीचे वडील निवृत्त शिक्षक. चष्मा कपाळावर सरकवून, तोंड पडद्याच्या अगदी जवळ नेऊन ते एकेक फोटो पाहत होते आणि त्यांच्या पुढ्यातली पोह्यांची बशी निवत होती. हातांचा फोटो आला तेव्हा ते थांबले. ‘ताईचे हात,’ एवढेच म्हणाले. मग पुढचा, त्याच्या पुढचा, हार घातल्यानंतरचा. तिथून ते पुन्हा मागे आले. ‘आणि अंतरपाटाचा?’ मी म्हणाले, ‘तो नाही मिळाला, काका.’ आत कुकरची शिट्टी झाली. ती पूर्ण होईपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘बरं.’ रक्कम कमी करण्याची तयारी ठेवूनच मी गेले होते आणि तसे बोललेही. पण ते आतल्या खोलीत जाऊन पाकीट घेऊन आले. वर एक रुपयाचे नाणे चिकटवलेले, आत उरलेली रक्कम पूर्ण, नोटा कोऱ्या. ‘असू द्या. ठरलं ते ठरलं,’ ते म्हणाले. ते भांडले असते, चार शब्द बोलले असते, दोन हजार कापले असते, तर ते प्रकरण तिथेच मिटले असते. हिशेबाच्या टेबलावर चौदा वर्षे काढलेली मी बाई. येणे-देणे जुळले की खाते बंद करायची मला सवय आहे.

त्या ‘बरं’चे खाते मात्र अजून उघडे आहे.

आमच्या घरी लहानपणी हॉट शॉट होता. जाहिरातीतला तो ‘खटाक’ त्या काळच्या सगळ्यांना आठवत असेल. छत्तीस फोटोंचा रोल गणपतीत भरला जाई आणि दिवाळी, सहल, एखादे बारसे असे करत संक्रांतीपर्यंत पुरवला जाई. कॅमेरा वडिलांच्या हातात असे आणि ‘थांबा, हलू नका’ म्हटल्यापासून बटण दाबेपर्यंत एवढा वेळ जाई की आमच्या त्या वेळच्या प्रत्येक फोटोत सगळे जण श्वास कोंडून उभे असल्यासारखे दिसतात. रोल धुवायला देण्याआधी दोन-तीन फोटो उरलेले असत. ते ‘संपवायचे’ म्हणून माझ्या हाती कॅमेरा मिळे. मी काहीही काढत असे: वळचणीला झोपलेले मांजर, दोरीवर वाळणारे नऊवारी, शिवणयंत्रावर वाकलेल्या आजीची पाठ. कधीकधी छत्तिसावा फोटो होऊनही चाक फिरे आणि एक सदतिसावा निघे. तो फुकटातला म्हणून त्याचे फार अप्रूप असे. आज ते अल्बम उघडले की मुंजीचे आणि वाढदिवसांचे फोटो भराभर उलटले जातात आणि बोट थांबते ते त्या संपवण्यासाठी काढलेल्या फोटोंवर, कारण घर त्यांच्यातच दिसते. मागची भिंत, तिच्यावरचा ओलीचा डाग, खुंटीला टांगलेली पिशवी. ते फोटो कुणी मागितलेले नव्हते.

२०१२मध्ये मी एका ओळखीच्या माणसाकडून निकॉनचा डी-९० जुना विकत घेतला. त्याच वर्षी पश्चिम घाट जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्यात कास होते, आणि साताऱ्यात ज्याच्या-त्याच्या तोंडी कासच होते. शहरापासून पंचवीसेक किलोमीटर. गर्दी वाढायच्या आत पोहोचावे म्हणून मी पहाटे स्कूटरवर निघे. यवतेश्वरचा घाट चढताना हातमोजे घालूनही बोटे बधिर होत आणि कॅमेरा पोटाशी स्वेटरच्या आत ठेवलेला असे. वर पोहोचले की ओल्या कातळावर पालथे पडायचे. सीतेची आसवे उभ्याने बघणाऱ्याला जांभळा-निळा गालिचा दिसतो. हनुवटी जमिनीला टेकवली की एकेक फूल वेगळे होते आणि त्याच्या पाकळीवरचा पांढरा ठिपकाही दिसू लागतो. दवबिंदू नावाची ती कीटक खाणारी इवलीशी वनस्पती शोधण्यात एकदा माझे दोन तास गेले. तिच्या केसांवरच्या चिकट थेंबात अख्खे आभाळ उलटे मावते. तेवढ्यात ढग खाली उतरले आणि पाच मिनिटांत स्वतःचा हातही दिसेना. चारशे फोटो काढून घरी यायचे, तीन ठेवायचे, बाकी पुसून टाकायचे. नाही मिळाला तर नाही मिळाला. सोमवारी दहा वाजता कचेरीत गेले की नखांतला चिखल पाहून शेजारची बाई हसायची, आणि मला फार बरे वाटायचे.

मग नातेवाइकांना माझा शोध लागला. ‘येताना कॅमेरा घेऊन ये हं’ असा जोड आमंत्रणाला लागू लागला. पुढेपुढे आमंत्रण कॅमेऱ्यालाच असे आणि मी त्याच्याबरोबर जाई. आपल्याकडे घरच्या कार्यात फोटो काढणाऱ्या माणसाचे ताट नेहमी शेवटच्या पंगतीला असते, तोवर मठ्ठा संपलेला असतो आणि जिलबी मऊ पडलेली असते. त्याचे मला कधी वाईट वाटले नाही. वाईट वाटले ते एका चुलतबहिणीच्या डोहाळजेवणात. अल्बमभर सगळे आहेत आणि मी कुठेच नाही हे कुणाच्याही लक्षात आले नाही. माझ्याही आले नाही. वर्षभराने माझ्या मुलीने अल्बम पाहताना विचारले, ‘आई, तू गेली नव्हतीस?’

पैशांची पहिली ऑर्डर २०१६ची, एका बारशाची. ‘किती घेणार?’ असे फोनवर विचारल्यावर मी म्हणाले, ‘द्या काहीही.’ हे मी राजवाड्याजवळच्या गल्लीतल्या एका जुन्या स्टुडिओवाल्यांना सांगितले. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. डार्करूममध्ये हायपोच्या वासात त्यांची तीस वर्षे गेली होती आणि आता ते पासपोर्टच्या आठ कॉप्या दहा मिनिटांत काढून देत. ते माझ्यावर खरेच चिडले. ‘काहीही हा आकडा नसतो. तुम्ही हिशेबात काम करता ना? मग?’ त्यांनी मला त्या दिवशी जे शिकवले ते कॅमेऱ्याच्या कुठल्याही पुस्तकात नाही. आकडा सांगितला की गप्प बसायचे; समोरचा गप्प असेल तर आपण आणखी गप्प बसायचे; ती शांतता असह्य होऊन आपणच पाचशे कमी करतो, तिथे निम्मे धंदे बुडतात. अ‍ॅडव्हान्स घेतल्याशिवाय तारीख वहीत लिहायची नाही. कार्ड दोन ठेवायची आणि जेवणाआधी बदलायची. भटजींना आधीच गाठून विचारायचे की कडवी किती आणि मध्ये कुणाकुणाला माईक देणार. मंगलाष्टका सुरू झाल्यावर लेन्स बदलायची नाही, नजरही बदलायची नाही. हे शेवटचे त्यांनी दोनदा सांगितले होते. मी पाच हजारांचा आकडा कसाबसा उच्चारला तेव्हा पलीकडून ‘चालेल’ असे इतक्या चटकन आले की सात सांगायला हवे होते हे मला लगेच कळले. बारशाच्या दिवशी मात्र माझे हात थरथरत होते. पाळण्याखालून गोप्याला फिरवण्याचा विधी मी शेकडो वेळा पाहिला असेन. त्या दिवशी तो प्रथमच एखाद्या परीक्षेतल्या प्रश्नासारखा वाटला.

‘हौसेला मोल नसते’ असे आपण म्हणतो. मराठीत ‘हौशी’ हा शब्द कुणाला कमी लेखणारा नाही. राज्य नाट्यस्पर्धासुद्धा ‘हौशी’ या नावाने मिरवते आणि तिथून आलेला नट ते छाती पुढे काढून सांगतो. ‘धंदेवाईक’ला मात्र जरासा वास येतो, म्हणून मग ‘व्यावसायिक’ असा इस्त्रीचा शब्द वापरावा लागतो. ‘आता व्यावसायिक पातळीवर करतेय’ असे मी पहिल्यांदा म्हटले तेव्हा सासूबाईंनी विचारले, ‘म्हणजे पैसे घेऊन ना?’ आमच्या घरात त्याबद्दल कुणी नाके मुरडली नाहीत. उलट, मुलीची फी त्यातून भरली त्या महिन्यापासून माझ्या बॅटऱ्या चार्जिंगला लावायचे काम घरात वाटून घेतले जाऊ लागले. हौसेच्या काळात त्याच बॅटऱ्या ‘तुझे ते खेळणे’ होत्या. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, पण विसरलेही नाही.

नोकरी सोडली ती २०१८मध्ये. त्यानंतर दृष्टीला काय झाले याबद्दल मी स्वतःशी खोटे बोलत नाही. दर आषाढात माउलींची पालखी लोणंदहून तरडगावकडे निघते, तेव्हा चांदोबाच्या लिंबाजवळचे उभे रिंगण पाहायला मी जाते. घोडे दौडत गेले की त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसे वाकतात, आणि एका क्षणी हजारो पाठी एकदम दिसतात. पूर्वी तिथे माझ्या हातात कॅमेरा असे आणि मी तो अर्धा वेळ विसरलेली असे. एका वर्षी, धुळीतून उठताना एक म्हातारी तुळस सावरत होती, मागून ऊन येत होते, धूळ सोन्यासारखी पेटली होती, आणि माझ्या मनात आलेला पहिला विचार असा होता की ही चौकट आडवी घेतली तर अल्बमच्या पहिल्या शीटला चालेल, डावीकडे नावांसाठी जागा सुटते आहे. कुणाची नावे? माउलींची? मी कॅमेरा खाली केला. म्हातारी निघून गेली होती. परतताना रस्ताभर मी कुठल्या-कुठल्या गोष्टींना मनातल्या मनात अशा शीटमध्ये बसवते याची यादी करत राहिले. यादी लांब होती. घरातला सकाळचा चहासुद्धा तिच्यात होता.

पण एवढेच सांगितले तर ते अर्धेच होईल, कारण पैसे घेण्याने मला काही दिलेही आहे आणि ते पाकिटात मावणारे नाही. हौसेचा कॅमेरा कोपऱ्यातून बघतो. तो कुणाला ‘इकडे या’ म्हणत नाही, आणि याचा त्याला थोडा अभिमानही असतो. ऑर्डरवाल्या कॅमेऱ्याला हुकूम सोडावे लागतात. लग्नघरातले ग्रुप फोटो हे खरे तर नात्यांचे पंचनामे असतात. कोण कुणाशेजारी उभे राहायला नाखूश आहे, कुणाला ‘तू पण ये’ म्हणायला सगळे विसरले आहेत, हे त्या पाच मिनिटांत जेवढे कळते तेवढे वर्षभर येऊन-जाऊन कळत नाही. आणि प्रत्येक घरात हळदीच्या किंवा ओटीच्या वेळी एक बाई हळूच मागे सरकते. कुणी तिला सांगितलेले नसते. ती काहीतरी आणायला स्वयंपाकघरात जाते, किंवा खांबाआड उभी राहते, किंवा कुणाचे तरी मूल मांडीवर घेऊन लांब बसते. सुरुवातीला मला ती दिसायची आणि मी नजर वळवायचे. दुसऱ्या वर्षी एका लग्नात मी ओरडले, ‘सगळ्या बायका पुढे या, मला सगळ्या हव्यात, त्या निळ्या साडीतल्या काकूसुद्धा.’ एकदम शांतता झाली. मग कुणीतरी म्हणाले, ‘अगं ये, फोटोवाल्या ताई सांगतायत.’ निळ्या साडीतल्या काकू आल्या, हळद लावली, हसल्या आणि परत खांबाकडे गेल्या. पाहुणी म्हणून गेलेल्या मला ते सांगण्याचा अधिकार नव्हता. घरातल्या कुणाला तो होता की नाही, मला माहीत नाही. कुणी वापरला मात्र नव्हता. मजुरी घेऊन आलेल्या बाईचे ऐकणे सगळ्यांनाच सोपे जात असावे. तिच्यावर ढकलता येते.

तेव्हापासून मी ते नेहमी करते. भाऊ म्हणाले, ‘एखाद दिवशी शिव्या खाल.’ अजून खाल्लेल्या नाहीत.

म्हणूनच त्या मार्गशीर्षातल्या आत्या मला अधिक टोचतात. तो प्रसंग निळ्या साडीच्या आधीचा, माझी लग्नाची तिसरीच ऑर्डर. एवढे दिवस मी त्या चुकलेल्या फ्रेमची गोष्ट स्वतःला अशी सांगत आले होते की माझ्यातल्या हौशी बाईने व्यावसायिक बाईवर मात केली, आणि चुकले तरी ते चांगल्या गोष्टीपायी चुकले. आता त्या फायली उघडून पाहते तेव्हा दुसरेच दिसते. आत्या एकट्या मागे का उभ्या होत्या हे मला त्या क्षणी कळले होते. रिकामे मनगट मी पाहिले होते, त्याच्यावरच तर फोकस होता. मी स्टुलावर उभी होते, गळ्यात कॅमेरा होता, हॉलभर ऐकू जाईल असा माझा आवाज आहे. मुहूर्ताला दहा मिनिटे असताना ‘आत्या, पुढे या’ एवढेच म्हणणे माझ्या हाती होते. त्या पुढे आल्या असत्या, तर अंतरपाटाच्या फोटोत त्याही असत्या. पण मग त्यांच्या हातांवर ते ऊन पडले नसते. मला ऊन हवे होते, म्हणून त्या होत्या तिथेच बऱ्या होत्या. असा विचार मी तेव्हा शब्दांत केला नाही. पण फ्रेम आठ-नऊ आहेत, आणि त्या प्रत्येकीत मी किंचित सरकून चौकट सुधारली आहे.

अल्बमचे पुढे जे झाले ते सांगायला हवे. आमच्याकडे त्याला करिझ्मा म्हणतात. जाड पाने, मध्ये घडी न दिसता पसरणारा फोटो. अंतरपाटाची शीट कोरी ठेवता येईना. शेवटी नवरीच्या एका आतेभावाने मोबाइलवर काढलेला फोटो त्यांनी मला पाठवला, तोही व्हॉट्सअ‍ॅपवरून दोन-चार हातांतून फिरून आलेला, म्हणजे अंगातले सगळे रक्त काढून घेतल्यासारखा. आकाराने लहान, कडेला कुणाचे तरी बोट, हवेतल्या अक्षतांच्या पिवळट रेघा झालेल्या. पण त्यात ती दोघे एकमेकांकडे पाहत होती. नवरीची मान जराशी कललेली होती आणि तोंड उघडे होते, बोलता-बोलता थांबल्यासारखे. मी तो फोटो मोठा केला, दाणे मोडले, बोट काढून टाकले, रंग माझ्या बाकीच्या फोटोंशी जुळवले. चार रात्री लागल्या. पंचवीस हजारांच्या त्या अल्बमचे मधले पान माझे नाही. आणि तो आतेभाऊ म्हणजे खिडकीजवळच्या आत्यांचाच मुलगा, हे मला अल्बम द्यायला गेले तेव्हा कळले.

हातांचा फोटो अल्बममध्ये घेतला गेला नाही. काकांनी तो निवडीच्या यादीत लिहून मग खोडला होता. पेनाची रेघ एकच होती, खालचा क्रमांक स्पष्ट वाचता येत होता. तो मी आजवर कुठेही दाखवलेला नाही. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे १७वे कलम असे सांगते की कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेला फोटो, वेगळा करार नसेल तर, ज्याने काढून घेतला त्याच्या मालकीचा. म्हणजे कासच्या सगळ्या फुलांची मी मालकीण आहे, आणि माझ्या हातून निघालेला बहुधा सगळ्यांत चांगला फोटो एका निवृत्त शिक्षकांच्या मालकीचा आहे, ज्यांनी तो यादीतून खोडला. भाऊंना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, ‘तीस वर्षांत लोकांचे एवढे चेहरे काढले, एकही माझा नाही. बरंच आहे, ठेवायला जागा कुठाय?’

होमाई व्यारावाला यांच्याविषयी मी वाचते ते याच वळणावर थांबते. मुंबईच्या जे.जे.मध्ये शिकलेली ही बाई देशातली पहिली स्त्री वृत्तछायाचित्रकार, आणि सुरुवातीला त्यांचे फोटो छापून येत ते पतीच्या नावाने. त्या काळी एका फोटोचा त्यांना एक रुपया मिळे, असे वाचल्याचे आठवते. पाकिटावरचे नाणे काढताना मला हे हटकून आठवते, आणि नखाने चिकटपट्टी सोडवताना हसूही येते. पण त्यांच्याबद्दल मला खरी ओढ वाटते ती १९७०मध्ये त्यांनी हे काम थांबवले त्याची. नंतर २०१२पर्यंत त्या जगल्या; एवढ्या वर्षांत पुन्हा व्यवसायाकडे वळल्या नाहीत. काम सोडल्यावर पाहण्याचे काय झाले असेल? चौकटी दिसायच्या थांबतात का, की दिसत राहतात आणि नुसत्या सोडून देता येतात? मला हे विचारायला आवडले असते.

गेल्या महिन्यात काकांचा फोन आला. आवाज थकलेला होता, पण ओळख पटायला वेळ लागला नाही. धाकटीचे ठरले. तेच कार्यालय, मार्गशीर्षच, मुहूर्त या वेळी १२ वाजून ३५ मिनिटांचा. ‘तारीख मोकळी आहे का ते आधी बघा, मग बाकीचं,’ ते म्हणाले. मी वही काढली. दर आता अडीचपट झाला आहे, तो सांगितला आणि भाऊंनी शिकवल्याप्रमाणे गप्प बसले. ते लगेच ‘बरं’ म्हणाले. तोच शब्द, तसाच. अ‍ॅडव्हान्स संध्याकाळपर्यंत खात्यात आला. आता माझ्याकडे दोन कार्डांचा कॅमेरा आहे, जो पन्नास फ्रेमनाही दमत नाही, आणि मंगलाष्टकांच्या वेळी समोरून एक मुलगा दुसरा कॅमेरा धरून उभा असतो. अंतरपाटाचा फोटो चुकण्याची शक्यता जवळजवळ नाही. आत्या कशा आहेत, हे विचारायचे होते. फोन ठेवल्यावर आठवले.

परवा सकाळचे एक काम उरकून परत येताना मी त्या कार्यालयात डोकावले. घड्याळात साडेबारा होत आले होते, म्हणून मुद्दाम. हॉल रिकामा होता. खुर्च्या एकावर एक रचलेल्या, फरशी नुकतीच पुसलेली. दक्षिणेच्या खिडक्यांवर वरपासून खालपर्यंत मरून रंगाचे जाड पडदे होते आणि त्यांच्या कडा पट्ट्यांनी भिंतीला दाबून बसवल्या होत्या. मॅनेजर मागून आले. ‘एसी केला ना मॅडम, दोन वर्षं झाली. आता लायटिंग पण सगळं एलईडी.’ मी म्हणाले, ‘खांबाजवळचा हा एक पडदा तासभर बाजूला घेता येईल का, लग्न लागायच्या वेळी?’ त्यांनी एकदा पडद्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले. ‘गारवा जातो हो. पट्ट्या पण काढाव्या लागतील. पार्टी हो म्हणाली तर बघू, पार्टीला विचारा.’

पार्टीला मी अजून विचारलेले नाही.